150 जणांचा फिजिऑलॉजीचा वर्ग: सगळ्यांना बरोबर घेऊन शिकवायचं कसं

एमबीबीएस फर्स्ट इयरची बॅच दरवर्षी नवी असली तरी तिची घडण आता ओळखीची झाली आहे. लातूरला दोन वर्षं क्लास करून आलेला मुलगा, मराठी माध्यमात शिकून नीटची प्रवेश परीक्षाही मराठीतूनच दिलेली नंदुरबारची मुलगी, ऑल इंडिया कोट्यातून राजस्थानहून आलेला आणि मराठी अजिबात न कळणारा विद्यार्थी, तिसऱ्या प्रयत्नात जागा मिळालेली कुणीतरी. आपण फिजिऑलॉजीत (शरीरक्रियाशास्त्रात) सगळ्यांना एकाच दिवशी ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे चेतापेशीतला विद्युत संदेश, शिकवतो आणि पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) वर्ग सरळ दोन भागांत फाटतो.

नव्याने रुजू झालेल्या ट्यूटर आणि असिस्टंट प्रोफेसरांसाठी हे लिहितो आहे. ‘ॲक्टिव्ह लर्निंग’ हा शब्द प्रत्येक कार्यशाळेत कानावर पडतो, पण वर्गात गडबड वाढवली म्हणून सगळे सामील होत नाहीत. “कोण सांगेल?” असं विचारलं की वर जाणारे हात तेच पाच-सहा. गटचर्चा ठेवली तरी बोलणारे तेच. ज्यांना आधीच येत होतं त्यांना बोलायला आणखी एक जागा मिळते, बाकीचे मान खाली घालून तास काढतात. फरक पडतो तो तासाच्या बांधणीमुळे: प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करायचा, काहीतरी एक उत्तर पक्कं करायचं, आणि मगच बोलायचं.

याला पुरावा आहे. 2014 मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण 33.8 टक्के होतं, ॲक्टिव्ह वर्गांत 21.8. पुढे 2020 मध्ये एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की अमेरिकेतल्या वंचित गटांतले विद्यार्थी आणि बाकीचे यांच्या गुणांमधली दरीही अशा वर्गांत 33 टक्क्यांनी कमी होते. मात्र तासाचा बराचसा वेळ विद्यार्थ्यांच्या हातात होता अशाच वर्गांत. अधूनमधून एखादा प्रश्न टाकून हे साधत नाही.

नियमही आड येत नाहीत. 2019 पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात लेक्चर एक तृतीयांशाहून जास्त नको, असंच म्हटलेलं आहे. वेळापत्रकात काय छापलेलं असतं आणि हॉलमध्ये काय चालतं, तो वेगळा विषय.

वर्ग ओळखून घ्या, रँक विचारू नका

फाउंडेशन कोर्सच्या दिवसांतच एक छोटा फॉर्म भरून घ्या. बारावी कोणत्या भाषेत झाली, मोबाइलवर व्हिडिओ बघण्याइतका डेटा असतो का, फळा दिसायला किंवा ऐकायला काही अडचण आहे का, प्रॅक्टिकलमध्ये स्वतःवर करून घ्यायला नको असं काही आहे का. नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. वर्गाचा अंदाज यायला एवढं पुरतं, आणि ज्यांना मदत हवी असते ते नाव लिहितातच.

“नीटला रँक किती?” हा प्रश्न हॉस्टेलमध्ये जात काढण्यासाठी विचारतात, हे उघड गुपित आहे. तोच प्रश्न सरांनी किंवा मॅडमनी वर्गात विचारला की त्याला मान्यता मिळते. प्रॅक्टिकलच्या बॅचेसही मेरिट लिस्टच्या क्रमाने पाडू नका. चिठ्ठ्या टाका, नाहीतर आडनावाऐवजी नावाच्या आद्याक्षराने लावा. आणि ‘स्लो लर्नर’ची यादी नोटीस बोर्डावर लावण्याची पद्धत तर मोडीतच काढायला हवी. जादा तास जरूर घ्या, पण तो ‘डाउट क्लास’ म्हणून सगळ्यांना खुला ठेवा. हुशार समजली जाणारी मुलंही येतात आणि मग तिथे बसण्याची लाज राहत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे 5 टक्के जागा राखीव आहेत, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या अपंगत्वाच्या टक्केवारीवरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही, उमेदवाराला काय जमू शकतं ते पाहावं लागेल. म्हणजे असे विद्यार्थी आपल्याकडे येणार. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आवाज वाढवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतो. विभागाच्या मागणीपत्रात तो आधीच लिहून ठेवा, विद्यार्थी आल्यावर फाइल हलवायला घेतली तर वर्ष निघून जातं. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. तो इंटर्नललाही द्या, फक्त विद्यापीठाच्या परीक्षेला नाही.

एक बारीक गोष्ट स्लाइडची. ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह (हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरून ठेवतं त्याचा आलेख) उजवीकडे सरकलेला दाखवताना एक रेघ लाल आणि दुसरी हिरवी असेल, तर लाल-हिरवा रंगांधळेपणा असलेल्या मुलाला दोन्ही सारख्याच दिसू शकतात. एक रेघ सलग काढा, दुसरी तुटक, आणि नाव रेघेवरच लिहा. खर्च शून्य.

पोर्शनमधला कणा शोधा

जोएल मायकल आणि जेनी मॅकफार्लंड यांनी 2011 मध्ये फिजिऑलॉजीच्या प्राध्यापकांना विचारून 15 मूळ संकल्पनांची यादी केली. होमिओस्टॅसिस (शरीराची आतली स्थिती स्थिर राखणं), पेशीचं पटल, ग्रेडियंटनुसार (फरकाच्या उताराने) वाहणं, पेशी-पेशींतला संवाद वगैरे. यादी पाठ करायची गरज नाही, तिचा उपयोग तास आखताना होतो.

ग्रेडियंटचंच बघा. दाबातला फरक भागिले रोध म्हणजे प्रवाह. रक्त याच हिशोबाने वाहतं, श्वासनळीतली हवा याच हिशोबाने, आणि आयनही विद्युत-रासायनिक फरकाच्या जोरावर असेच. हे एकदा नीट शिकवलं आणि प्रत्येक सिस्टिममध्ये “इथे ग्रेडियंट कशाचा? रोध कुठे?” एवढेच दोन प्रश्न विचारत राहिलात, तर दम्यातल्या श्वासाचा त्रास आणि अरुंद झालेल्या एऑर्टिक झडपेतला अडथळा एकाच साच्यात बसतात. क्लासच्या नोट्सचा ढीग घेऊन आलेल्या मुलाला याचं फार काही वाटणार नाही. ज्याच्याकडे तो ढीग नाही, त्याला मात्र पाठांतराचं ओझं निम्मं झाल्यासारखं वाटतं.

एक तास, मिनिटांच्या हिशोबाने

विषय बॅरोरिसेप्टर रिफ्लेक्स, म्हणजे रक्तदाब बदलला की तो सावरणारी शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया. आदल्या दिवशी ग्रुपवर दोन पानांची, कमी आकाराची पीडीएफ टाका. व्हिडिओ टाकायचाच असेल तर तो कॉलेजच्या वायफायवरून उतरवून घेता येईल असा ठेवा. “वाचून आलात ना?” असं दरडावण्यापेक्षा सुरुवातीलाच तीन सोपे प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरं त्याच पानांत आहेत. मार्क नाहीत.

मग फळ्यावर प्रश्न लिहा: आडवा पडलेला माणूस झटकन उभा राहिला. पहिल्या काही सेकंदांत कॅरोटिड सायनसच्या (मानेतल्या रोहिणीच्या फुगीर भागातल्या) बॅरोरिसेप्टरमधून जाणारे इम्पल्स ए) वाढतील, बी) कमी होतील, सी) तेवढेच राहतील.

दीड मिनिट पूर्ण शांतता. वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण. त्यानंतर सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची: ए साठी एक, बी साठी दोन, सी साठी तीन. हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजाऱ्याला आणि मागच्याला दिसत नाही, तुम्हाला मात्र सगळा हॉल दिसतो. क्लिकर नको, ॲप नको, नेटवर्क नको.

बरेच जण एक बोट दाखवतात. त्यांचा तर्क असा: रिफ्लेक्स सुरू झाला म्हणजे रिसेप्टर ‘ॲक्टिव्हेट’ झाला, म्हणजे फायरिंग वाढलं. हाच गैरसमज पुढे शॉक, बीटा ब्लॉकर, रक्तस्राव या सगळ्यांत आडवा येतो, आणि नुसत्या लेक्चरमध्ये तो कधी दिसतच नाही.

आता लगेच बरोबर उत्तर सांगू नका. हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरलेली युक्ती इथे चालते: साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी बोलायला सांगा, तेही वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याशी. त्याहून कमी असतील तर चर्चेत वेळ घालवू नका, आधी पुन्हा समजावून सांगा. जास्त असतील तर पुढे चला. तीन मिनिटांनी पुन्हा बोटं. आकडा सरकलेला दिसतो.

यानंतर खडू हातात घ्या. उभं राहिल्यावर अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे साचतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदयातून बाहेर पडणारं रक्त) घटतो, सायनसमधला दाब पडतो, भिंत कमी ताणली जाते, इम्पल्स कमी होतात. हे इम्पल्स एरवी सिंपथेटिकला (नाडी आणि रक्तदाब वाढवणाऱ्या चेतांना) दाबून ठेवत असतात. ते कमी झाले की ही पकड सुटते, सिंपथेटिक वाढतं, नाडी मंदावणारी व्हेगस मागे हटते, नाडी जलद होते. ही साखळी तुम्ही बाणांनी अर्धी काढा, उरलेली जोड्यांना पुरी करू द्या. प्रत्येक बाणावर वाढलं की घटलं याची खूण हवीच. परीक्षेत ‘व्हासोमोटर सेंटर’वर (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रावर) दोन पानं लिहूनही मार्क का मिळाले नाहीत, हे त्या खुणांवरून मुलांना स्वतःलाच कळतं.

हात दुखेपर्यंत लिहायला न लावता मग करून पाहा. पाच मिनिटं बसल्यावर नाडी मोजा, उभं राहून पुन्हा मोजा. पण आधी अंदाज लिहा. उभं राहणं शक्य नसेल त्याने घड्याळ आणि नोंद सांभाळायची. सगळ्यांचे फरक फळ्यावर मांडले की कुणाचा तीनने वाढलेला, कुणाचा वीसने, असा पसारा दिसतो, आणि ‘नॉर्मल’ हा एकच आकडा नसतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटचा प्रश्न घरचा: विसर्जनाच्या बंदोबस्तात तासन्‌तास एका जागी उभा असलेला पोलीस चक्कर येऊन पडतो. लोक त्याला उचलून खुर्चीत बसवतात. बरोबर की चूक, आणि का?

गट आणि भाषा

ट्युटोरियलला चार-पाच जणांचे गट पुरे. आठ झाले की तिघं प्रेक्षक होतात. कामं वाटून द्या: एक लिहिणार, एक वेळ सांभाळणार, एक प्रत्येक वाक्याला “कशावरून?” विचारणार, एक शेवटी सांगणार. कामं दर वेळी फिरवा आणि फिरली की नाही ते तपासा, कारण लिहिण्याचं काम नेमकं मुलींकडेच जातं आणि सांगण्याचं मुलांकडे. चार मुलांत एकटी मुलगी, किंवा इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या चौघांत एकटा मराठी माध्यमाचा मुलगा, असा गट सुरुवातीला टाळा. उत्तर विचारताना “तुला काय वाटतं?” ऐवजी “तुमच्या गटात काय ठरलं?” असं विचारलं की चूक झाली तर तिची जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे: चर्चा ज्या भाषेत होईल त्या भाषेत होऊ द्या. मराठी, हिंदी, अहिराणी, काहीही. पण शेवटचं उत्तर दोन वाक्यांत इंग्रजीत लिहायचं, कारण पेपर आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) इंग्रजीत आहे. मात्र तुम्ही स्वतः हॉलमध्ये मराठीत विनोद करून पुढे जाल, तर राजस्थानचा आणि केरळचा विद्यार्थी बाहेर राहतो. मराठीत समजावलेलं लगेच सोप्या इंग्रजीतही सांगा. तासाचे पाच अवघड शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि सगळ्यांकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. व्हायवात कित्येक जण उत्तर येत असूनही गप्प राहतात, उच्चार चुकेल म्हणून.

प्रॅक्टिकल: इथे शरीर विद्यार्थ्याचं असतं

बेडकावरचे प्रयोग गेले, त्यांच्या जागी संगणकावरची सिम्युलेशन आली. उरलेल्या बहुतेक प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थी एकमेकांवरच शिकतात. म्हणून या विषयात सर्वसमावेशकतेची खरी कसोटी लॅबमध्ये लागते.

हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल घ्या. साहलीच्या नळीत आम्ल, 20 घन मिलिमीटर रक्त, थेंब-थेंब पाणी, रंग जुळेपर्यंत. मग ट्यूटर रोल नंबर पुकारून आकडे वहीत घेतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, “आठ पॉइंट दोन.” सगळं टेबल वळून बघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. मुलींच्या टेबलावर कमी आकडे निघणार, यात नवल काही नाही. आकडे चिठ्ठीवर बिननावाने गोळा करा, त्यांचा आलेख काढा, साहलीची पद्धत डोळ्याच्या अंदाजावर चालते म्हणून दोघांनी वाचलेले आकडे वेगळे का आले यावर बोला. आणि ज्यांचा आकडा कमी आहे त्यांनी ओपीडीत कुणाला भेटायचं, ते सगळ्यांनाच सांगून ठेवा. टोचून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. नको असेल तर कारण विचारायचं नाही, विभागाकडचा नमुना द्यायचा.

रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला आणखी जपा. जनुकांचा तक्ता शिकवल्यावर एखादी मुलगी घरच्यांचे गट आठवून हिशोब करते आणि तो जुळत नाही. “मग हे शक्यच नाही” असं कधीही म्हणू नका. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्याची नोंद केली तो बॉम्बे ब्लड ग्रुप इथेच शिकवायचा: ए आणि बी ज्याच्यावर घडतात तो रक्तपेशीवरचा एच अँटिजेनच नसल्यामुळे माणूस तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ए किंवा बी चं जनुक पुढच्या पिढीला देऊ शकतो. शिवाय जुन्या कार्डांवर गट चुकीचे लिहिलेले असतात. ही दोन्ही कारणं तक्ता काढायच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

ईसीजी आणि छाती तपासणीला बहुतेक ठिकाणी कुणीतरी मुलगा शर्ट काढून पुढे येतो आणि सगळी बॅच त्याच्यावर शिकते. वरवर सोयीचं, पण परिणाम असा की स्त्री रुग्णाला चेस्ट लीड (छातीवरचे इलेक्ट्रोड) नीट लावण्याचा सराव कुणालाच होत नाही, आणि कॅज्युअल्टीत ते इलेक्ट्रोड भलत्याच जागी बसतात. पडदा, मुलींची वेगळी बॅच, महिला ट्यूटर किंवा टेक्निशियन, आणि आधी मॅनिकिनवर सराव अशी सोय करा. जिला नको तिला नको. ॲक्सिस (हृदयातल्या विद्युतप्रवाहाची दिशा) काढायला हातापायांच्या लीड पुरतात.

हार्वर्ड स्टेप टेस्ट (पायरी चढ-उतार करून दम तपासण्याची चाचणी) रमजानमध्ये किंवा नवरात्राच्या उपवासात लावू नका. दमा, पाळी, हृदयाचा जुना त्रास, काहीही असू शकतं. म्हणून प्रत्येक बॅचला सरळ सांगा की पायरी चढणारा, ताल देणारा, नाडी मोजणारा या तिन्ही भूमिकांना सारखेच मार्क आहेत. बीपीला एकच कफ सगळ्यांना वापरू नका. जाड दंडावर लहान कफ बांधला की रीडिंग जास्त येतं, आणि मग ज्याचं वजन जास्त आहे त्याला सगळ्यांदेखत ‘हायपरटेन्शन’चा शिक्का बसतो. दोन मापांचे कफ ठेवून फरक मोजायला लावा; हेच एक छान प्रॅक्टिकल होतं.

पुस्तकातला 70 किलोचा माणूस

पुस्तकांतले बहुतेक आकडे 70 किलोच्या तरुण पुरुषाचे. आयसीएमआरने 2020 मध्ये भारतीय आहारासाठी धरलेला पुरुष 65 किलोचा आणि स्त्री 55 किलोची आहे. कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त), रक्ताचं आकारमान, जीएफआर (मूत्रपिंडात रक्त गाळलं जाण्याचा वेग) शिकवताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या वजनावर हिशोब करायला लावा, वहीतल्या वहीत.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2. हे चित्र स्लाइडवर टाकून नुसतं विचारा, “बीएमआय काय मोजतो?” अर्धा तास निघतो. पल्स ऑक्सिमीटरही तसाच. 2020 मध्ये अमेरिकेत दिसलं की यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, हे फिजिक्स मुलांना अकरावीपासून ठाऊक असतं.

सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) शिकवताना विदर्भ आणि नंदुरबारचा उल्लेख येणारच. तो मलेरियाच्या संदर्भात करा: एक सदोष जनुक असलेल्याला फाल्सिपॅरम मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं. वर्गात “तुमच्याकडे आहे का कुणाला?” असं विचारणं बंद.

व्हायवा आणि “पोर्शन कसा संपणार?”

व्हायवासाठी प्रश्नांची कार्डं करा, चिठ्ठी उचलायला लावा, म्हणजे एकाला सोपा आणि दुसऱ्याला मुद्दाम अवघड असं होत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच तोंड उघडा. हे शिक्षकालाच जास्त जड जातं. प्रॅक्टिकलच्या टेबलांवर आधीच छापलेली तपासयादी वापरा आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना देऊन टाका. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

पोर्शनची भीती प्रत्येक एचओडीला (विभागप्रमुखाला) असते, आणि ती खोटी नाही. सगळे तास असे घेता येणार नाहीत. कार्डिओव्हॅस्क्युलर, रेस्पिरेटरी, रीनल आणि नर्व्ह-मसल यांतले जे तास मुलांना दरवर्षी अडकवतात तेवढे निवडा. रक्तपेशींची लांबलचक वर्णनं, हार्मोनच्या याद्या हे वाचायला द्या आणि ट्युटोरियलला पाच प्रश्नांत तपासा. इंटर्नल झाल्यावर कोणता प्रश्न किती जणांचा चुकला एवढी एक यादी काढा. निम्म्याहून जास्त चुकलेला प्रश्न मुलांच्या खात्यावर न टाकता पुढच्या तासाला पुन्हा बोटांवर घ्या, आणि प्रिलिमला आकडे बदलून परत टाका.